युनिव्हर्सल सीटॅग्ज: कोड समजत नाही, पण कुठे काय लिहिलंय ते बरोबर सांगतं

आधीच सांगून टाकतो, तुमचं सगळं काम व्हीएस कोडमध्ये, टाइपस्क्रिप्टमध्ये, भरपूर रॅमच्या लॅपटॉपवर मजेत चाललं असेल तर हे टूल तुमच्यासाठी नाही, इथूनच परत फिरलात तरी चालेल. पण ज्यांच्या गळ्यात कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेला कोड पडलाय, लिहिणारे कधीच कंपनी सोडून गेलेत, डॉक्युमेंटच्या नावाखाली एक एक्सेल शीट आहे, आणि तो कोडही आपल्या मशीनवर नाही तर क्लायंटच्या सर्व्हरवर, आधी व्हीपीएन मग व्हीडीआय (दुरून वापरायचा डेस्कटॉप) मग एसएसएच, आणि तिथे पोचल्यावर काळी स्क्रीन आणि विम (टर्मिनलमधला एडिटर), बाकी काही टाकायची परवानगी नाही... ते हिंजवडीत बसलेले असोत नाहीतर ऐरोलीत, त्यांनी वाचा. मी अशाच एका प्रोजेक्टवर हे टूल रोज वापरतो, त्यामुळे जे आवडलं आणि ज्याने डोकं फिरवलं ते दोन्ही लिहितोय.

टूलचं काम अगदी साधं आहे. सगळ्या सोर्स फाइल्स वाचायच्या, कुठलं फंक्शन, स्ट्रक्चर, क्लास, मॅक्रो, टाइपडेफ कुठल्या फाइलमध्ये डिफाइन झालंय त्याची यादी करायची आणि ती 'टॅग्ज' नावाच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून मोकळं व्हायचं. बस. मागे कुठला सर्व्हर चालू राहत नाही, डेटाबेस नाही, लॉगिन नाही, क्लाउड नाही, पैसेही नाहीत, जीपीएल लायसन्स आहे. यादी वाचून उडी मारायचं काम एडिटरचं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन सीटॅग्ज डॅश कॅपिटल आर मारलं की झालं (कमांड इथे फोनवर सहकाऱ्याला सांगतो तशाच लिहितोय, समजून घ्या). आमचा सी-चा कोड काही लाख ओळींचा आहे, त्यावर चहा आणायला उठेपर्यंत प्रॉम्प्ट परत आलेला असतो.

आता पहिला घोळ. सीटॅग्ज या नावाची कमांड जगात एकच नाहीये. मूळ सीटॅग्ज केन आर्नोल्डने बर्कलीत बीएसडी युनिक्ससाठी लिहिलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, म्हणजे व्हीआय एडिटर जेव्हा नवीन होता तेव्हा. तेच खानदान अजून मॅकवर आहे. मग १९९६ मध्ये डॅरेन हायबर्टने एक्झ्युबरंट सीटॅग्ज काढलं, ते इतकं चाललं की विमच्या ५ नंबरच्या व्हर्जनपर्यंत विमसोबतच यायचं आणि वर्षानुवर्षं लोक सीटॅग्ज म्हणजे तेच समजायचे. त्याचं शेवटचं रिलीज ५.८, जुलै २००९. म्हणजे गो भाषा जगाला दाखवायच्याही आधीचं, रस्ट आणि टाइपस्क्रिप्ट तर सोडूनच द्या. नंतर काही वर्षं ते तसंच धूळ खात पडलं, पॅच यायचे आणि कुणी घ्यायचं नाही, शेवटी लोकांनी गिटहबवर फोर्क करून (म्हणजे कोडची वेगळी प्रत काढून) युनिव्हर्सल सीटॅग्ज चालू केलं, मासाताके यामातो आणि बाकी स्वयंसेवक ते सांभाळतात. त्यांचं ६.०.० डिसेंबर २०२२ ला आलं. आणि चौथं म्हणजे ईमॅक्स, हा एडिटर वर्षानुवर्षं स्वतःचंच एक सीटॅग्ज सोबत घेऊन यायचा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे टीममध्ये नवीन पोरगं आलं की हमखास मॅकवर कमांड मारतं आणि स्क्रीनवर 'इल्लीगल ऑप्शन, आर' असं येतं, मग म्हणतं सर हे टूल चालतच नाही. टूल चालतंय, तू वेगळंच सीटॅग्ज चालवतोयस. मॅकसोबत आलेल्या जुन्या बीएसडीवाल्याला कॅपिटल आर माहीतच नाही. म्हणून सगळ्यात आधी सीटॅग्ज डॅश डॅश व्हर्जन मारून बघा, पहिल्याच ओळीत युनिव्हर्सल असं आलं तरच पुढे जा. मॅकवर होमब्रूने युनिव्हर्सल-सीटॅग्ज या नावाने टाका, उबंटू-डेबियनवर एपीटीमध्ये त्याच नावाचं पॅकेज आहे, विंडोजला तयार झिप मिळते. आणि सर्व्हरवर रूट (अॅडमिनचे अधिकार) नसेल (आमच्याकडे नाहीच, मागायला गेलं की तिकीट, तिकिटावर अप्रूव्हल, अप्रूव्हलवर परत तिकीट) तर सोर्स घेऊन कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून आपली होम डिरेक्टरी द्यायची, मेक आणि मेक इन्स्टॉल, काम झालं. सी-मध्ये लिहिलेलं आहे, फारशा लायब्रऱ्या लागत नाहीत. मला या टूलची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट कदाचित हीच असेल, की कुणाच्या पाया न पडता चालू होतं.

आता ती टॅग्ज फाइल. एकदा उघडून बघाच, लाजू नका, ती माणसाला वाचता येते. एका ओळीत एक डेफिनिशन. आधी नाव, मग टॅब, मग फाइलचा पाथ, मग टॅब, आणि मग मजा आहे. तिथे (सी-चे मॅक्रो असे काही अपवाद सोडले तर) लाइन नंबर नसतो. दोन स्लॅशच्या मध्ये ती अख्खी ओळच असते, सुरुवातीला टोपी आणि शेवटी डॉलर, म्हणजे व्हीआयमध्ये आपण सर्चला देतो तसा पॅटर्न. लोन.सी मध्ये व्याज काढायचं फंक्शन असेल तर त्याच्या नावाची पूर्ण ओळ, कंसातल्या पॅरामीटरसकट, जशीच्या तशी तिथे उतरवलेली. याचा फायदा असा की मी वरती चाळीस ओळी नवीन घुसवल्या तरी जुनी टॅग्ज फाइल चालते, कारण एडिटर नंबराने नाही तर ओळीच्या मजकुराने शोधतो. लाइन नंबर ठेवले असते तर दुपारपर्यंत सगळी यादी खोटी झाली असती. आणि ओळ थोडी बदललेली असली तर विम आधी कुरकुरतो आणि मग 'जस्ट गेसिंग' म्हणत अंदाजाने नेऊन ठेवतो, बहुतेक वेळा बरोबर जागी.

त्या पॅटर्ननंतर एक सेमीकोलन आणि एक डबल कोट येतो. मला बरेच दिवस वाटायचं की ही काय घाण आहे मध्येच. तर त्याचं कारण जाम हुशार आहे. नंतरच्या सीटॅग्जने पुढे जास्तीची माहिती जोडायला सुरुवात केली, की हे फंक्शन आहे का मॅक्रो, कुठल्या स्ट्रक्टचा मेंबर आहे, वगैरे, पण जुन्या व्हीआयला हे कळणार नाही आणि तो गडबडेल, म्हणून असं चिन्ह टाकलं जिथून पुढचं जुना व्हीआय कॉमेंट समजून सोडून देतो. म्हणजे आज केलेली टॅग्ज फाइल तेव्हाच्या एडिटरलाही चालावी एवढी काळजी. आजकाल एका मायनर अपडेटमध्ये कॉन्फिग मोडणारी टूल्स बघितली की हे आठवतं. वरच्या हेडरच्या ओळी उद्गारचिन्हाने सुरू होतात त्याचंही तसंच, फाइल नावानुसार सॉर्ट केलेली असते आणि उद्गारचिन्ह आस्कीत अक्षरांच्या आधी येतं, म्हणून हेडर आपोआप वरच राहतो. सॉर्ट केलेली असल्यामुळे विम बायनरी सर्च करतो, त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी उडी लगेच.

विममधला वापर तर हातात बसला की सुटत नाही. नावावर कर्सर, कंट्रोल आणि बंद होणारा चौकोनी कंस, गेलात डेफिनिशनवर. तिथून आतल्या फंक्शनवर परत तेच, परत तेच, पाच पायऱ्या खाली गेलात, आता परत यायचंय तर कंट्रोल टी, एकेक पायरी वर. कुठून आलो ते विम लक्षात ठेवतो. हे स्टॅकवालं प्रकरण माझ्या मते उडी मारण्यापेक्षा जास्त कामाचं आहे, कारण अनोळखी कोड वाचताना खरा त्रास आत जाण्याचा नसतो, आपण मुळात काय बघायला निघालो होतो ते विसरण्याचा असतो. एडिटर उघडतानाच विम डॅश टी आणि फंक्शनचं नाव दिलं तर थेट तिथेच उघडतो, फाइल कुठली ते माहीत असायची गरज नाही. सपोर्टवाल्यांनी रात्री फोन करून लॉगमधलं नुसतं फंक्शनचं नाव सांगितलं की याचा उपयोग कळतो.

आणि एक गोष्ट जी मी विचारलेल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हती, साधी 'लेस' कमांडसुद्धा टॅग्ज फाइल वाचते! लेस डॅश टी आणि नाव. प्रॉडक्शनवर सोर्स फक्त वाचायची परवानगी आहे, एडिटर उघडला की ऑडिटवाले मेल टाकतात, तिथे लेसवर काम भागतं. ईमॅक्सवाल्यांसाठी डॅश ई दिलं की त्यांच्या फॉरमॅटची फाइल बनते, पण ती कॅपिटल अक्षरांत टॅग्ज असते, आणि मॅकची फाइल सिस्टीम नेहमीच्या सेटिंगला लहान-मोठं अक्षर वेगळं धरत नाही, तेव्हा एकाच फोल्डरमध्ये विमवाला आणि ईमॅक्सवाला एकमेकांची फाइल पुसत बसतात. (भांडायला त्यांना तेवढंच कारण हवं असतं.)

आता मुख्य मुद्दा. सीटॅग्जला कोड समजत नाही. ते कंपाइलर नाही, प्रीप्रोसेसर नाही, टाइप कुठला, कुणाला कुठून कॉल होतो, यातलं त्याला काही कळत नाही. पोस्टमनला घरात काय चाललंय ते माहीत नसतं, पण कुठलं आडनाव कुठल्या गल्लीत ते पक्कं ठाऊक असतं, तसं. आणि लोक याला उणीव म्हणून सांगतात, पण माझ्या कामात हाच त्याचा मोठा गुण ठरलाय.

आमच्या कोडमध्ये एकाच फंक्शनच्या आत सोलारिससाठी वेगळं, एआयएक्ससाठी वेगळं, लिनक्ससाठी वेगळं अशी इफडेफची (प्लॅटफॉर्म बघून कोडचा तुकडा चालू-बंद करणाऱ्या खुणांची) रांग आहे. एलएसपीवाला (म्हणजे एडिटरला कोडची समज पुरवणारा) क्लँगडी घ्या, तो खरोखर हुशार आहे, टाइप ओळखतो, रेफरन्स देतो, रिनेम करतो, त्याच्यापुढे सीटॅग्ज अडाणीच. पण त्याला आधी कंपाइल कमांड्सची जेसन फाइल पाहिजे, म्हणजे कुठली फाइल कुठल्या फ्लॅग्जने कंपाइल होते ते सगळं. आमचा बिल्ड होतो दुसऱ्याच मशीनवर, दुसऱ्याच कंपाइलरने, तीन जणांनाच माहीत असलेल्या मेकफाइलमधून. अर्ध्या हेडर फाइल्स माझ्याकडे नाहीतच. क्लँगडी बिचारा पहिल्याच इन्क्लूडला अडखळतो आणि पुढे सगळं लाल. आणि समजा चालला तरी तो एकाच प्लॅटफॉर्मच्या नजरेने बघतो, बाकीचे इफडेफ त्याच्यासाठी मेलेला कोड. सीटॅग्जला या कशाशी देणंघेणं नाही. हेडर नाही, चालेल. कोड कंपाइल होत नाही, चालेल. मर्ज करताना अर्धवट राहिलेला कोड आहे, तरी जेवढं कळतं तेवढं लिहितं. इफडेफमुळे महिरपी कंस जुळेनासे झाले तर ते फाइल पुन्हा वाचतं आणि दुसऱ्या वेळी एक देशी युक्ती लावतं, पहिल्याच कॉलममध्ये बंद होणारा कंस दिसला म्हणजे ब्लॉक संपला असं धरून चालायचं. हे कुठल्या थिअरीत बसणार नाही, पण लोक खरंच कोड कसा लिहितात ते बघून केलेलं आहे आणि म्हणूनच चालतं.

मॅक्रोंनी मात्र ते फसतं, आणि मॅन्युअलमध्येच तसं सरळ लिहून ठेवलंय. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लिनक्स कर्नलचं. तिथे रीड हा सिस्टीम कॉल तुम्हाला फंक्शनसारखा लिहिलेला सापडणारच नाही, तो सिसकॉल_डिफाइन३ अशा मॅक्रोच्या कंसात पहिलं नाव म्हणून येतो. नुसतं सीटॅग्ज चालवून सिस_रीड शोधलंत तर डेफिनिशन काही हाती लागत नाही. म्हणून कर्नलवाल्यांनी स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये टॅग्जची वेगळी शेल स्क्रिप्ट ठेवलीय, त्यात अशा मॅक्रोंसाठी रेजेक्सची (मजकूर शोधायच्या पॅटर्नची) लांबलचक यादी आहे, की हे दिसलं तर कंसातलं पहिलं नाव घे, त्याच्या पुढे सिस अंडरस्कोअर लाव आणि त्या नावाने टॅग कर. मेक टॅग्ज असं मारलं की ती स्क्रिप्ट चालते. ती एकदा वाचून काढा, सीटॅग्जला वळण कसं लावायचं हे शिकायला त्याहून चांगलं काही नाही.

आमच्याकडेही असलाच एक मॅक्रो आहे, डिक्लेअर_हँडलर, आणि सगळे मेसेज हँडलर त्यातूनच जन्माला येतात, म्हणजे जे शोधायचं असतं नेमकं तेच यादीत नाही. युनिव्हर्सलमध्ये यासाठी डॅश कॅपिटल डी आहे, जीसीसीसारखंच, मॅक्रोला पॅरामीटर देऊन तो उलगडल्यावर काय होतो ते एका ओळीत सांगायचं. हँडलर एक्स म्हणजे इंट एक्स कंसात व्हॉइड, एवढं लिहिलं आणि सगळे हँडलर यादीत धडाधड उतरले. जुन्या एक्झ्युबरंटमध्ये ठरावीक शब्दाकडे दुर्लक्ष कर किंवा त्याच्या जागी दुसरा शब्द धर एवढंच सांगता यायचं, त्याने अर्धंच काम व्हायचं. या एका सोयीसाठीसुद्धा ५.८ सोडून युनिव्हर्सलवर यायला हरकत नाही.

भाषा किती येतात? शंभराच्या वर. डॅश डॅश लिस्ट-लँग्वेजेस मारून बघा. सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, गो, रस्ट तर आहेतच, पण कोबोल आहे, एसक्यूएल आहे आणि त्यात पीएल-एसक्यूएलची पॅकेजं आणि प्रोसिजरसुद्धा धरतं. बँकांच्या प्रोजेक्टवर असलेल्यांच्या डोळ्यांत पाणी यावं अशी गोष्ट आहे ही. मेकफाइलची टार्गेट्स, मार्कडाउनची हेडिंग्ज, लॅटेकचे सेक्शन, सगळं. आणि एखादी घरगुती भाषा असेल, कंपनीत कुणीतरी बनवलेली, तर पाच-सहा रेजेक्सच्या ओळींत स्वतःची भाषा डिफाइन करता येते.

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

एक म्हणजे रेफरन्स. डेफिनिशन कुठे आहे ते सांगतं, पण हे फंक्शन कोण कोण बोलावतं ते नाही. युनिव्हर्सलमध्ये रेफरन्स टॅग्ज म्हणून एक सोय आहे, पण ती इन्क्लूड केलेली हेडर वगैरे एवढ्यापुरतीच, फंक्शनला कॉल कुठून होतो याचं उत्तर तिच्यात शोधू नका. त्यासाठी सीस्कोप किंवा ग्नू ग्लोबल घ्या, नाहीतर सरळ रिपग्रेप (फाइल्समध्ये मजकूर शोधायची कमांड) मारा. मी रिपग्रेपच मारतो. सीस्कोप मूळ बेल लॅब्जचं, त्या कामाला अजूनही चांगलं आहे, पण निओविमने (विमचाच नवा अवतार) ०.९ पासून त्याचा सपोर्टच काढून टाकला, तेव्हा त्यात जीव गुंतवायचा का ते तुम्ही बघा.

दुसरी, एकाच नावाची गर्दी. इनिट नावाची फंक्शनं आमच्याकडे ढिगाने आहेत, प्रत्येक मॉड्यूलचं एक. कंट्रोल-कंस मारला की विम त्याच्या नियमाने पहिलं जे बसतं तिथे नेतो, आणि आपण चुकीच्या फाइलमध्ये आहोत हे कळायला पाच मिनिटं जातात. जावात तर गेट आणि टू-स्ट्रिंगची जत्राच. त्यावर उपाय म्हणजे आधी जी दाबायचं आणि मग कंट्रोल-कंस, असं केलं की एकच असेल तर थेट जातो आणि अनेक असतील तर यादी दाखवून विचारतो. खरं तर हेच डीफॉल्ट असायला हवं होतं, पण तो दोष सीटॅग्जचा नाही, विमचा.

पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये अपेक्षा कमी ठेवा. जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) मॉडेलवर डॉट ऑब्जेक्ट्स लिहिता, ते तुमच्या कोडमध्ये कुठे डिफाइनच नसतं, मग सीटॅग्ज आणणार कुठून. जावास्क्रिप्टमध्ये नाव नसलेल्या फंक्शनांना ते स्वतःच अॅनोनिमस-फंक्शन आणि पुढे काहीतरी गिचमिड असं नाव देतं, त्याने यादी फुगते आणि उपयोग शून्य. आणि फ्रंटएंडच्या रेपोत नुसतं डॅश कॅपिटल आर मारलंत तर संपलंच, नोड-मॉड्यूल्सच्या आत शिरतं आणि बाहेरच येत नाही. त्यात युनिव्हर्सल जेसनही वाचतं, प्रत्येक की एक टॅग, म्हणजे पॅकेज-लॉकची फाइल एकटीच हजारो निरुपयोगी टॅग ओतते. जेसन आधीपासून चालू का ठेवलंय ते मला आजवर कळलेलं नाही. डॅश डॅश लँग्वेजेस इक्वल टू मायनस जेसन, हे आधी करा. त्याहून बरं म्हणजे फोल्डर फिरायलाच लावू नका, गिट एलएस-फाइल्सची यादी पाइप करून डॅश कॅपिटल एल डॅश द्या, म्हणजे गिटमध्ये असलेल्याच फाइल्स जातील, बिल्डचा कचरा नाही, नोड-मॉड्यूल्स नाही, झंझट नाही.

यादी शिळी होणं ही नेहमीची तक्रार. ओळी खालीवर झाल्या तर चालतं हे वर सांगितलं, पण नवीन फंक्शन लिहिलं तर ते परत चालवेपर्यंत यादीत नसतं, ब्रँच बदलली तर निम्मे पत्ते चुकीचे. विमचं गुटेनटॅग्ज प्लगइन सेव्ह केल्या केल्या मागच्या मागे अपडेट करतं, आणि प्लगइन टाकता येत नसेल तर गिटच्या पोस्ट-चेकआउट आणि पोस्ट-मर्ज हुकमध्ये दोन ओळी लिहा. आणि टॅग्ज फाइल गिटमध्ये कमिट करू नका हो! आमच्याकडे एका महाशयांनी केली होती, मग प्रत्येक मर्जला कॉन्फ्लिक्ट, आणि तोही अशा फाइलमध्ये जी कुणी हाताने लिहिलेलीच नाही. ग्लोबल गिटइग्नोरमध्ये टाकून विषय संपवा.

डॉक्युमेंटेशन भरपूर आहे पण विखुरलेलं. सीटॅग्जचं मॅन पेज वेगळं, स्वतःची भाषा बनवायचं वेगळं, टॅग्ज फाइलच्या फॉरमॅटचं वेगळं, आणि जुन्या व्हर्जनपासून काय काय बदललं त्याचं अजून एक वेगळं. ते शेवटचं नक्की वाचा, कारण त्यात एक मोठा खड्डा आहे: होममधली जुनी डॉट-सीटॅग्ज फाइल युनिव्हर्सल वाचतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप दुर्लक्ष. आता डॉट-सीटॅग्ज-डॉट-डी असं फोल्डर करायचं आणि त्यात डॉट-सीटॅग्ज एक्स्टेंशनची फाइल ठेवायची. एवढी जुनी सवय मोडायची तर एक ओळ छापायला काय जात होतं राव? फाइल फॉरमॅटमध्ये एवढी काळजी घेणाऱ्यांनी इथे मात्र आपल्याला वाऱ्यावर सोडलंय.

बाकी लोक विचारतात, आता एआय आहे, एलएसपी आहे, हे म्हातारं टूल कोण वापरतं. तर पडद्यामागे बरेच जण वापरतात. सोर्सग्राफ आणि ओपनग्रोक ही कोड शोधायची टूल्स सिम्बॉल शोधायला युनिव्हर्सल सीटॅग्ज वापरतात, जीनी एडिटर त्याचेच पार्सर पोटात घेऊन चालतो. एडर नावाचा जो टर्मिनलवाला एआय असिस्टंट आहे त्याने सुरुवातीला अख्ख्या रेपोचा नकाशा मॉडेलला द्यायला सीटॅग्जच वापरलं, नंतर ट्री-सिटरवर गेला, आणि ते बरोबरच केलं, कारण ट्री-सिटर कोडची रचना नीट वाचतो आणि रेफरन्सही देतो. आउटपुट जेसनमध्ये घ्यायची सोय सीटॅग्जमध्ये आहेच, तेव्हा स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहायची असेल तर ते अजूनही सगळ्यात सोपं.

आणि हे किंवा ते असं काही नाहीये. निओविममध्ये एलएसपी चालू असला की तोच कंट्रोल-कंस आधी एलएसपीला विचारतो आणि त्याच्याकडे उत्तर नसेल तर टॅग्ज फाइल बघतो. घरच्या मशीनवर माझं असंच आहे, गो आणि पायथनला एलएसपी, बाकी सगळ्याला टॅग्ज. क्लायंटच्या सर्व्हरवर मात्र नुसतं सीटॅग्ज. जावावाल्यांनो, तुम्ही इंटेलिजे सोडून इकडे येऊ नका, तुमचं तिथेच बरं चाललंय. सी, कोबोल, पीएल-एसक्यूएल, शेल, पर्ल यांची भेळ असलेल्यांनी मात्र आजच टाका, पाचपैकी साडेचार, अर्धा त्या न वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग फाइलसाठी आणि जेसनसाठी मिळून कापला.

कुणी विचारायच्या आधीच माझी कॉन्फिग सांगतो, एका ओळीत एक ऑप्शन, कोट वगैरे लावायचे नाहीत, ही फाइल शेलमधून जात नाही. रिकर्स यस. एक्सक्लूडमध्ये नोड-मॉड्यूल्स, बिल्ड आणि मिनिफाय केलेल्या जेएस फाइल्स. लँग्वेजेस मायनस जेसन. आणि ती हँडलरवाली कॅपिटल डीची ओळ, ती अर्थात तुमच्या कोडमध्ये वेगळी असेल. सी-चे प्रोटोटाइप चालू करता येतात, पण मी करत नाही, कारण मग अर्ध्या उड्या हेडर फाइलमध्ये जाऊन पडतात आणि तिथे बघण्यासारखं काही नसतं. विमच्या बाजूला टॅग्ज सेटिंगमध्ये डॉट स्लॅश टॅग्ज आणि पुढे सेमीकोलन, त्या सेमीकोलनमुळे विम एकेक फोल्डर वर चढत जाऊन फाइल शोधतो, नाहीतर आतल्या फोल्डरमधून विम उघडला की 'नो टॅग्ज फाइल' म्हणून हात वर करतो.